पाच अठ्ठेचाळीसची ओहोटी

पस्तीस वर्षं माझा दिवस लोकलच्या दोन वेळांवर बेतलेला होता. सकाळची आठ चौदा आणि संध्याकाळची सहा बावीस. निवृत्त झाल्यावर मिनिटांशी असलेलं नातं संपलं असं वाटत होतं. तेवढ्यात फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मैत्रिणीच्या मुलीचा निरोप आला: 'मावशी, उद्या ओहोटी ५.४८ ला आहे. पावणेपाचला गिरगाव चौपाटीवर टिळकांच्या पुतळ्यापाशी ये. पाय पूर्ण झाकणारे बूट घाल, भिजले तरी चालतील असे. चप्पल नको.'

मी मूळची गिरगावची. चौपाटी आमच्या चाळीपासून चालत दहा मिनिटांवर. गणपती, भेळ, परीक्षा संपल्याची संध्याकाळ, पहिल्या पगाराची कुल्फी, सगळं तिथेच झालं. लग्न होऊन गोरेगावला गेल्यावरही माहेरी आले की एक फेरी व्हायचीच. त्यामुळे चौपाटी मला कोणी फिरवून दाखवावी, ही कल्पनाच जरा विचित्र वाटली. गेले ती केवळ त्या मुलीच्या आग्रहाखातर.

पुतळ्यापाशी वीसेक माणसं जमली होती. कॉलेजची मुलं, ठाण्याहून आलेलं एक जोडपं, रात्रपाळी करून थोडी झोप काढून आलेल्या दोन नर्स, सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेला एक बाप, आणि माझ्याहून वयाने मोठे असे एक गृहस्थ, ज्यांच्या गळ्यात भिंग होतं. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम २०१७ साली सुरू झाला, आणि किनाऱ्यावर घोळक्याने चालत जाऊन तिथले जीव बघायची सवय या शहराला लागायला त्याचा मोठा हात आहे. आता असे बरेच गट झालेत. आमच्या गटाची म्होरकी पंचविशीतली मुलगी होती. तिने नियम सांगितले. काही उचलायचं नाही. दगड उलटला तर जसा होता तसाच परत ठेवायचा. रिकामा शंखसुद्धा घरी न्यायचा नाही, कारण शंखात राहणाऱ्या खेकड्याला तो उद्या घर म्हणून लागणार आहे. आणि पाण्यात उतरल्यावर पाऊल उचलून टाकायचं नाही, घासत पुढे न्यायचं.

हा शेवटचा नियम पाकटांसाठी. पाकट ही चपटी मासळी उथळ पाण्यात वाळूखाली अंग पुरून बसते आणि तिच्या शेपटीला विषारी काटा असतो. ती आपणहून अंगावर येत नाही; पाय तिच्यावर पडला की मारते. २०१३ च्या गणेश विसर्जनात याच चौपाटीवर पाकटांनी कितीतरी जणांना डंख केला होता, ती बातमी मला लख्ख आठवत होती. पाय घासत चाललं की तिला आधीच चाहूल लागते आणि ती सरकते. मग आम्ही वीस अनोळखी माणसं घोटाभर पाण्यात एका ओळीत, पाय न उचलता, हळूहळू सरकत निघालो. मावळतीचं ऊन पाण्यावर होतं, मागे भेळवाल्यांचे आवाज येत होते. मला आठवेना की मी यापूर्वी इतकं सावकाश कधी चालले होते.

ओल्या वाळूवर आल्यावर म्होरकी म्हणाली, "आता दहा मिनिटं कोणी पुढे जाऊ नका. आहात तिथेच बसा आणि खाली बघा."

बसले. काही दिसेना. मग शेजारच्या त्या लहान मुलाने माझ्या बुटाजवळ बोट दाखवलं. "आजी, ते बघ." तिथे मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांच्या ओळी एका भोकाभोवती चहूबाजूंनी गेल्या होत्या, एखाद्या नवशिक्या मुलीने ठिपक्यांची रांगोळी काढावी तशा. एवढ्यात भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर आला. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडाशी नेई, त्यातलं चिकटलेलं अन्न खाई आणि उरलेली कोरी वाळू गोळा करून मागे टाकी. काम एवढं झपाट्याचं, की मी पाहते म्हणेपर्यंत चार गोळे झाले. कोणीतरी उभं राहिलं, सावली पडली, तो गडप.

असे गोळे मी जन्मभर पायाखाली तुडवत आले होते.

मग शिंपली निघाली. त्यावरूनच हा सगळा लेख लिहायला बसले आहे. आमच्या लहानपणी मी आणि ताई चौपाटीवरून शिंपले गोळा करून माळ करायचो. नियम एकच होता, ज्यांना आधीच भोक आहे तेच घ्यायचे. सुईने नवं भोक पाडायला गेलं की शिंपला फुटतो. आजी म्हणायची, देवाने ओवण्यासाठीच ती भोकं पाडलीत. एवढी गोल, एवढी गुळगुळीत, की दुसरं काही मनात येतच नसे. ती माळ लग्नानंतर ताईबरोबर डोंबिवलीला गेली.

म्होरकीने तसाच एक शिंपला तळहातावर घेतला आणि भिंगवाल्या काकांना भिंग मागितलं. एकेकाच्या हातून ते भिंग फिरत माझ्याकडे आलं. भोक बाहेरून रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं. सुतार स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून भोकाचं तोंड रुंदावतो ना, अगदी तसं. "हे मून स्नेलचं काम," ती म्हणाली. ही गोल, गुळगुळीत शंखाची गोगलगाय वाळूच्या आतून नांगर चालावा तशी सरकत जाते. शिंपला सापडला की आपल्या मोठ्या मांसल पायात त्याला लपेटते. मग आम्ल सोडून कवच मऊ करायचं आणि दातेरी जिभेने खरवडायचं, पुन्हा आम्ल, पुन्हा खरवडणं. तासन् तास हे चालतं. भोक आरपार गेलं की आतलं मांस ती खाऊन टाकते. रिकामा शिंपला लाटेबरोबर वर येतो, आणि परकर-पोलक्यातल्या दोन मुली तो उचलून ओवतात.

मी तो शिंपला कितीतरी वेळ हातात धरून बसले होते. आमची ती माळ म्हणजे एकेका गोगलगायीच्या जेवणाची खूण होती, ओळीने लावलेली. आजीचं म्हणणं खोडून निघालं असं मला वाटलं नाही. उलट तिला हे सांगायला ती हवी होती, एवढंच वाटलं.

परतताना अंधार पडला. आम्ही मागे सरकत होतो आणि पाणी पुढे येत होतं. कोणीतरी माणसं मोजली, वीस भरली. चहाच्या टपरीवर उभे राहिलो तेव्हा लक्षात आलं की दोन तासांत कोणी कोणाला आडनाव विचारलं नव्हतं. आपल्याकडे असं फार ठिकाणी घडत नाही. आडनावावरून गाव, गावावरून बाकी सगळं, हा आपला ठरलेला रस्ता. इथे मी 'ती खेकडा दिसलेली काकू' होते आणि तेवढ्यावर गप्पा छान चालल्या होत्या.

घरी आल्यावर भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं. अमावस्या होती. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक हिशेब होता. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्याला त्यांनी पाऊण तास धरलेला. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी सव्वापाचच्या पुढे. निरोपातले ५.४८ आणि दादांचे सव्वापाच यांत अर्ध्या तासाचा फरक. ज्यांच्याकडे ना तक्ता, ना मोबाइल, त्या माणसाने बोटांवर केलेला हिशेब एवढा जवळ यावा, याचं मला फार अप्रूप वाटलं. दादा हे सगळं सांगायचे तेव्हा आम्ही ऐकून सोडून द्यायचो.

तेव्हापासून मी तिथी बघायला लागले. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, समुद्र जास्तीत जास्त आत येतो आणि तितकाच मागेही जातो. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी धड चढतही नाही, धड उतरतही नाही. किनाऱ्यावरच्या फेऱ्या उधाणाच्या ओहोटीलाच निघतात. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरत्या कोणत्या दिवशी, याची यादी वर्तमानपत्रात येते, कारण शहर तुंबेल का याची आपल्याला काळजी. ओहोटी कधी, हे फक्त कोळ्यांना लागतं. आणि आता आमच्यासारख्या थोड्यांना.

पुढची फेरी जुहूला. तिथे वाळूत एक राखाडी, वाकलेला पट्टा पडला होता. एखाद्या रबरी नळीचा काप किंवा शर्टाची फाटकी कॉलर म्हणावी असा. एक मुलगा तो उचलून कचऱ्याच्या पिशवीत टाकणार, तोच भिंगवाले काका ओरडले, "अरे, अंडी आहेत ती!" तीच मून स्नेल. मादी वाळू आणि आपला चिकट स्राव कालवून स्वतःच्या शंखाभोवती हा पट्टा घडवते, आणि त्याच्या थरात अंडी असतात. ओला आहे तोवर लवचीक, वाळला की चुरा.

हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. काही वर्षांपूर्वी मी वर्सोव्याच्या साफसफाईला दोनदा गेले होते. तिथे २०१५ पासून अफरोज शाह यांनी हे काम उभं केलं आणि त्यात हजारो माणसं आली. काम खरोखर मोठं झालं. मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली होती. मी तिथे दोन तास पाठ दुखेपर्यंत प्लास्टिक भरलं. पण माझी नजर त्या वेळी कचऱ्याला लागलेली होती. राखाडी, वाकडं, रबरासारखं दिसेल ते पिशवीत. त्यात असे किती पट्टे गेले असतील? आता साफसफाईला जाते तेव्हा पिशवीत टाकण्याआधी प्रत्येक गोष्ट दोन बोटांत धरून बघते, आणि शेजारच्यांनाही थांबवते. कामाचा वेग कमी होतो, होऊ दे.

मरीन ड्राइव्हवरूनही आम्ही एकदा चाललो. ती फेरी इमारतींची होती. तिथल्या आर्ट डेको इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांच्या गोलाकार गच्च्या आणि जिन्यांच्या खिडक्या छान समजावून सांगितल्या. माझं मन मात्र कठड्यापलीकडच्या चौपायी काँक्रीटच्या ठोकळ्यांकडेच जात होतं. त्यांच्या फटींमध्ये काय राहत असेल, याच्याकडे.

वांद्र्याला चिंबईच्या पुढच्या खडकांवर मी पडले. दोष माझाच होता, बुटाचे तळ झिजलेले होते आणि शेवाळावर मी भलताच मोठा पाय टाकला. हात टेकला तो कालवांवर. कालव दगडाला असं चिकटतं की दोन्ही मिळून एकच वाटावेत, आणि त्याच्या कवचाची कड ब्लेडसारखी. तळहात तीन ठिकाणी कापला. त्या दोन नर्सपैकी एक सोबत होती. तिने बाटलीतल्या पिण्याच्या पाण्याने जखम धुतली, कोणाचा तरी रुमाल बांधला आणि मला उंच दगडावर बसवलं. बाकीची मंडळी पुढे गेली.

दहा-पंधरा हातांवर एक कोळीण कालवं काढत बसली होती. वय सत्तरीच्या आसपास. तिच्या हातात टोकदार लोखंडी हत्यार होतं. टोक फटीत, मनगटाला एक झटका, वरचं कवच बाजूला, मांस डब्यात. खालचं कवच दगडावर तसंच राहायचं, पांढरं. तिच्या मागचा सगळा खडक अशा पांढऱ्या ठिपक्यांनी भरला होता, आणि पुढचा अजून काळाच होता. मी पडलेली तिने पाहिली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग कामातून मान वर न करता म्हणाली, "तुमी काय शोधताव?"

मी म्हटलं, "मावशी, नुसतं बघतोय. इथे काय काय राहतं ते."

तिने हत्यार खाली ठेवलं आणि दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. बारीक पांढऱ्या रेघा, एकीवर एक, इतक्या की मूळच्या हस्तरेषा कोणत्या ते सांगता येईना. माझ्या रुमालाकडे बघून तिने मान हलवली. मग तिने नावं सांगायला सुरुवात केली. हे कालव. ही चिंबोरी, आता लपलेय. चिखलात उड्या मारते ती निवटी. पलीकडे पूर्वी शिनाणे मिळायचे, आता कुठले. मी पिशवीतून वही काढून डाव्या हाताने लिहून घेतलं.

ही वही आता माझ्याजवळ कायम असते. फेरीत दिसलेल्या प्रत्येक जीवाचा फोटो मुलं 'आयनॅचरलिस्ट' या संकेतस्थळावर टाकतात, जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून कोणीतरी त्याचं लॅटिन नाव पक्कं करतं, आणि त्यातून या शहराच्या किनाऱ्याची नोंद तयार होते. ते मोलाचं आहेच. पण पहिल्या फेरीत मी म्होरकीला विचारलं होतं, "याला मराठीत काय म्हणतात?" ती ओशाळून म्हणाली होती, "काकू, कोणी सांगितलंच नाही." सांगणारी माणसं त्याच खडकांवर वाकून बसलेली होती. आता आमच्या गटाने ठरवलंय, कोळीवाड्यातलं कोणी सोबत यायला तयार असेल तर त्यांच्या वेळेचे पैसे देऊन त्यांना घेऊन जायचं. दोन फेऱ्यांना एक काका आले. पाण्याच्या नुसत्या रंगावरून खाली वाळू आहे की खडक, हे ते उभ्याउभ्या सांगत होते.

हाजी अलीच्या खडकांवर गेलो तो दिवस जड गेला. हिरव्या बटणांच्या गालिच्यासारखे झोअँथिड नावाचे जीव, डबक्यात हात पसरून बसलेलं समुद्रफूल, आणि दगडावर बशीएवढं एक करड्या रंगाचं प्रवाळ. मुंबईत प्रवाळ! मी ते अंदमानचं आणि मालवणचं समजत होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण दिलं आहे. कोस्टल रोडच्या भरावासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये काढून कुलाब्याला नेव्ही नगरच्या किनाऱ्यावर लावल्या गेल्या. छिन्नीने अलगद सोडवलेलं प्रवाळ दुसऱ्या दगडावर बसवणं, हे नाजूक काम करणाऱ्यांनी मनापासून केलं असणार. पण प्रवाळाच्या शेजारी राहणारं जे होतं, ते गालिचे, ते किडे, कपारीतला ऑक्टोपस, त्यांची मोजणी कोण करणार होतं? १११ हेक्टर समुद्र भरला गेला. मी त्या रस्त्याने जाते. बहिणीच्या सुनेला नायर रुग्णालयातून घरी आणताना त्याच रस्त्याने वेळ वाचला, आणि त्याबद्दल मी मनोमन आभारही मानले. तरी गाडीच्या खिडकीतून तो नीट बांधलेला दगडी उतार दिसला की मला वाटतं, या खाली काय होतं ते बघायला आधी एकदा तरी यायला हवं होतं. जन्मभर या शहरात राहिले, आणि आले ते भराव पडून गेल्यावर.

एकटी आले असते तर यातलं काही दिसलं नसतं, हे मी कोणालाही शपथेवर सांगेन. एकटी मी क्षितिजाकडे बघत चालते. खेकडा मला त्या लहान मुलाने दाखवला, अंड्यांचा पट्टा भिंगवाल्या काकांनी, निवटी मावशींनी. आणि एकदा, एकदाच, जुहूला पाण्याच्या कडेला निळ्या बटणासारखा एक जीव मी सगळ्यांच्या आधी पाहिला. "ब्लू बटन!" म्हणत वीस माणसं माझ्याभोवती गोळा झाली तेव्हा मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं होतं.

गेल्या आठवड्यात ताईला फोन केला. शिंपल्यांच्या माळेचं विचारलं. ती म्हणाली, आहे, शोकेसमध्ये, बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यात. "आता काढ," मी म्हटलं. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग शिंपल्यांचा खळखळाट.

"किती आहेत?"

"एक्केचाळीस."

"भोकं बघ बरं. बाहेरून रुंद आहेत का?"

ती बराच वेळ गप्प होती. "हो गं. आणि सगळी वरच्या टोकाला. जवळजवळ एकाच जागी." मग पुन्हा शांतता. "एकीला दोन आहेत. एक आरपार, त्यातून दोरा गेलाय. दुसरं अर्ध्यावरच सोडलेलं, नुसता खळगा."

"म्हणजे ती एकदा सुटली होती," मी म्हटलं.

"थांब," ताई म्हणाली, "चष्मा आणते."